क्रोममध्ये चालतंय की, मग झालं!

"कुठला ब्राउझर वापरू?" असं मला सारखं कुणीतरी विचारत असतं, कारण आमचा धंदाच वेबसाइट बनवायचा. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, नव्या पेठेतले दुकानदार, क्लासवाले, एखादा ट्रस्ट, अशी आमची गिऱ्हाइकं. माझं उत्तर ठरलेलं आहे, फायरफॉक्स वापरा, आणि नसेल वापरायचा तर तुमची मर्जी, पण कुठलीही साइट "फक्त क्रोममध्येच उघडा" म्हणायला लागली की ते मुकाट ऐकून घेऊ नका. लोक पहिला भाग ऐकतात आणि दुसरा सोडून देतात, आणि मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या भागाबद्दलच, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

कारण "क्रोममध्ये चालतंय की, मग झालं!" हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडून ऐकतो, साइट बनवणाऱ्या पोरांकडून ऐकतो, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत तर रोज ऐकायला मिळतं. परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली पोरगी आपल्या मोबाइलवरचा ब्राउझर दाखवत विचारते की दादा सबमिटचं बटणच येईना, तर दुकानवाला मान वर न करता सांगतो, क्रोम टाक. आणि खरंच क्रोम टाकला की बटण येतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं चूक त्या ब्राउझरचीच होती. ती बहुतेक वेळा साइटची असते, आणि हे नेमकं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. ब्राउझर म्हणून आपल्याला दिसतं ते वरचं, म्हणजे टॅब, बुकमार्क, सेटिंग, तो आयकॉन. खरं काम आतलं इंजिन करतं, साइटचा एचटीएमएल-सीएसएस कोड वाचून पान रंगवायचं काम. नावं ढीगभर आहेत, क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, पण या सगळ्यांच्या पोटात एकच इंजिन आहे, गूगलचं ब्लिंक. फायरफॉक्सचं इंजिन गेको, ॲपलच्या सफारीचं वेबकिट. म्हणजे दुकानात बरण्या वीस दिसल्या तरी आतला माल तीनच प्रकारचा. आणि त्यातलं ब्लिंकसुद्धा वेबकिटपासूनच २०१३ साली फुटून निघालंय, वेबकिट त्याआधी केडीई नावाच्या खुल्या प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनमधून आलं. पूर्वी इंजिनं यापेक्षा जास्त होती. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो होतं, ते त्यांनी २०१३ ला सोडलं. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं की आम्ही पण आमचं इंजिन बंद करून क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो कोड, घेतोय, आणि जानेवारी २०२० ला नवा एज आला तो ब्लिंकवर. मायक्रोसॉफ्टएवढ्या कंपनीला स्वतःचं इंजिन परवडेना, यावरून अंदाज घ्या की हे काम केवढं मोठं आहे.

आता याचा आपल्याला काय फरक पडतो ते सांगतो, कामातलंच उदाहरण आहे. एका टॉवेलवाल्या मालकांची साइट आमच्याकडे आली, आधी दुसऱ्या कुणीतरी बनवलेली. तक्रार अशी की बाहेरच्या देशातल्या एका खरेदीदाराला ऑर्डरच्या पानावर डिलिव्हरीच्या तारखेच्या जागी "इनव्हॅलिड डेट" असं दिसतंय आणि पुढं जाताच येत नाही. मालकांनी आपल्या मोबाइलवर उघडून दाखवलं, व्यवस्थित. त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, व्यवस्थित. मालक म्हणाले, "ओ, आमच्यात तर चालूलालंय की, आणि त्यो माणूस पण क्रोमच वापरूलालाय, मी विचारलं त्याला." मी विचारलं त्याच्याकडं फोन कुठला? आयफोन, तोही जुना. इथंच सगळं होतं. आयफोनवर ॲपलनं वर्षानुवर्षं नियम ठेवला होता की ब्राउझर कुणाचाही असो, आत इंजिन वेबकिटच पाहिजे, युरोपियन युनियनमध्ये २०२४ ला कायद्यामुळं त्यात सूट द्यावी लागली. म्हणजे त्या खरेदीदाराच्या फोनवर नाव क्रोम होतं आणि इंजिन सफारीचं.

मग कोड उघडला. सर्व्हरकडून तारीख येत होती ती आधी वर्ष-महिना-दिवस, मग एक स्पेस, मग तास-मिनिटं. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी लिहून ठेवलेल्या नियमांत, तारीख लिहायची एक पद्धत पक्की ठरवून दिलीय, त्यात तारीख आणि वेळ यांच्या मध्ये स्पेस नसतो, इंग्रजी टी अक्षर असतं. बाकी कसंही लिहिलेलं समजून घ्यायचं की नाही हे स्टँडर्डनं ज्याच्या-त्याच्या ब्राउझरवर सोडलंय. क्रोम या बाबतीत मोठ्या मनाचा, काहीही द्या, अंदाज बांधून घेतो, आणि जुना सफारी काटेकोर, त्यानं सरळ सांगितलं की ही तारीख नाही. ज्यानं साइट बनवली त्यानं क्रोममध्ये बघितलं, चाललं, सोडून दिलं. स्पेसच्या जागी टी घातला, काम झालं. एका अक्षरापायी ऑर्डर अडकून पडली होती. आणि यात दोष आयफोनचाही नाही आणि क्रोमचाही नाही. स्टँडर्ड काय म्हणतंय ते न बघता एका ब्राउझरच्या वागण्यालाच नियम समजायचं, ही सवय नडते.

ज्यांचं वय पस्तिशीच्या पुढं आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल कारण आपण एकदा यातून गेलोय. २००१ साली इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला, तेव्हा नेटस्केप हा दुसरा मोठा ब्राउझर जवळपास संपला होता आणि लवकरच नव्वद टक्क्यांच्या वर लोक आयई वापरायला लागले. स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर पुढची आवृत्ती, म्हणजे आयई ७, यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. पाच वर्षं वेब एका जागी थांबलं. त्या काळात बनवलेल्या साइटी ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जोड-सॉफ्टवेअरवर अवलंबून, म्हणजे फक्त विंडोज आणि फक्त आयई. टेंडर भरणाऱ्या लोकांना विचारा, डिजिटल सिग्नेचरचं ते यूएसबी टोकन लावायचं, आयईचं कुठलंतरी जुनं व्हर्जन, त्यात जावाचंही अमुकच व्हर्जन, सिक्युरिटी सेटिंग मुद्दाम खाली आणायचं, आणि एवढं करून शेवटच्या दिवशी संध्याकाळी साइट लटकणार. कित्येक कॉन्ट्रॅक्टरांनी त्या एका कामासाठी एक जुना कॉम्प्युटर तसाच ठेवला होता, अपडेट बंद करून, कुणी हात लावायचा नाही. दक्षिण कोरियात तर याहून भारी, तिथं बँकिंग आणि ऑनलाइन खरेदी सगळी ॲक्टिव्हएक्सवर बांधून ठेवलेली, जगात सगळ्यात वेगवान इंटरनेट असलेला देश आणि लोकांना पैसे भरायला कित्येक वर्षं आयई उघडावा लागत होता. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला आयईचा सपोर्ट बंद केला तेव्हा सगळीकडं विनोद फिरले, पण त्याच्या नावानं अडकून पडलेल्या लोकांचं काय काय गेलं ते कुणी मोजलं नाही.

आता मी ज्यासाठी लिहितोय तो मुद्दा. मराठी.

आज आपण मोबाइलवर मराठीत टाइप करतो, शोधतो, कॉपी-पेस्ट करतो, आणि हे जन्मापासून असंच होतं असं नव्या पोरांना वाटतं. असं नव्हतं. सुरुवातीच्या मराठी साइटी, खास करून वर्तमानपत्रांच्या, आपापल्या फॉन्टवर चालायच्या. साइट उघडायची, आधी त्यांचा फॉन्ट डाउनलोड करायचा, इन्स्टॉल करायचा, नाहीतर पानभर इंग्रजी अक्षरांचा चुराडा. कारण त्या पानात मराठी अशी नसायचीच, आत असायची इंग्रजी अक्षरं आणि फॉन्टनं त्यांना मराठीचा वेश चढवलेला. कृतिदेव फॉन्टमध्ये "मराठी" लिहिलेलं असेल तर कॉम्प्युटरच्या लेखी तिथं ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी अक्षरं आहेत बस्स, फॉन्ट काढला की ती उघडी पडतात. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये तीच मराठी वेगळ्या अक्षरांत. त्यामुळं शोध घ्यायची सोय नाही, एका साइटवरचं दुसरीकडं चिकटवायची सोय नाही, आंधळ्या माणसाच्या स्क्रीन रीडरला तर काहीच अर्थ लागायचा नाही.

त्यात ब्राउझरवाल्यांची भांडणं. १९९७ च्या सुमाराला पानाबरोबरच फॉन्ट पाठवायची सोय आली, पण नेटस्केपची पद्धत वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची वेगळी, एकाची फाइल दुसऱ्यात चालायची नाही. म्हणजे "ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच बघा" असं लिहिलेलं असायचं ना मराठी साइटींवर, त्यामागं हे पण एक कारण होतं. नंतर फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते असल्या खासगी फॉन्टमधल्या भारतीय भाषांच्या साइटींचं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करून दाखवायचं. ते बनवणाऱ्या माणसाचे उपकार आहेत.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि त्यात पहिल्यापासून देवनागरी आहे, आपल्या भारतीय मानकावरून, इस्कीवरून, घेतलेली. म्हणजे ठरलं होतं कधीचंच, पण ठरलेलं सगळ्यांनी पाळायला पुढची पंधरा-एक वर्षं गेली. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला. एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन रीजनल अँड लँग्वेजमध्ये ती टिक करायची आणि मग तो म्हणायचा एक्सपीची सीडी टाका, आणि सीडी कुणाकडं असायची? तरीपण लोकांनी केलं. मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडवर लिहिला गेला, ब्लॉगवाले युनिकोडवर आले, आणि हळूहळू वर्तमानपत्रांना पण यावं लागलं. कुठल्याच कंपनीनं मराठीवर मेहरबानी केलेली नाही. अक्षराला नंबर कुठला हे सगळ्यांसाठी एकदाच ठरलं, उघड्यावर ठरलं, कुणालाही फुकट वापरायला मिळालं, म्हणून मराठी इथं टिकली. अजून वीस वर्षांनी हे लिहिलेलं कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल याची मला खात्री आहे ती फक्त यामुळं, आणि जुन्या फॉन्टमधल्या कितीतरी बातम्या, लेख, कथा आज शोधूनही सापडत नाहीत ते पण त्यांना हे नव्हतं म्हणूनच.

अजून बारीक बघा. "ॲप" मधला ॲ. हा युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला, त्याआधी लोक अ वर चंद्र काढून काम भागवायचे. आजही दोन्ही प्रकारे लिहिलेलं सापडतं, दिसायला हुबेहूब सारखं, पण कॉम्प्युटरला ते वेगळं, म्हणून कधीकधी पानात शब्द डोळ्यासमोर असतो आणि सर्च म्हणतं सापडला नाही. किंवा "दऱ्या" आणि "दर्या". डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र, मराठी माणसाला हा फरक लागतोच, हिंदीला तो ऱ्या लागत नाही. तो नीट दिसण्यासाठी युनिकोडनं नियम केला, फॉन्टवाल्यांनी आकार बनवला, ब्राउझरनं दोन्ही जुळवून दाखवलं, तिघांनी एकच कागद वाचला म्हणून ते झालं. आणि ल, श. आपला मराठी ल आणि मराठी श वळणानं वेगळे असतात, शाळेत गिरवलेत आपण. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची सोय आहे, लँग नावाचा ॲट्रिब्यूट, तिथं मराठीसाठी एमआर लिहायचं. फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेलं असेल तर ब्राउझर त्यावरून मराठी ल-श उचलतो, आणि तिथं हिंदीचा कोड असेल तर हिंदी वळण येतं. कितीतरी मराठी साइटींवर त्या जागी इंग्रजीचा कोडच पडून असतो, टेम्पलेटमधून आलेला, कुणी बदललेलाच नाही. दोन अक्षरांचं काम आहे हो. साइट बनवणाऱ्यांनो, एवढं तरी करा.

सोलापुरात तर हे अजून जास्त लागतं. आमच्याकडं एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, शेजारी कन्नड, आणि दख्खनी-उर्दू बोलणारी माणसं. पूर्व भागातल्या घरात आजी तेलुगूत बोलणार, नातू मराठीत उत्तर देणार, रोजचंच आहे. आम्ही एका ट्रस्टसाठी सूचनांचं पान बनवलं, एकाच पानावर चारही भाषा. उर्दू उजवीकडून डावीकडं, बाकीच्या डावीकडून उजवीकडं, मध्ये फोन नंबर आणि तारखा. जुन्या फॉन्टच्या जमान्यात हे चार वेगवेगळे फोटो चिकटवूनच केलं असतं. आता प्रत्येक परिच्छेदाला भाषेचा कोड दिला, उर्दूला दिशा सांगितली, आणि पान क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींमध्ये जसंच्या तसं आलं. ट्रस्टचे एक काका पान बोटानं वर-खाली करत बराच वेळ बघत होते, मग उर्दूतली ओळ निवडून कॉपी केली आणि कुणालातरी पाठवली, पोचली नीट. त्यांना काय कळलं असेल यामागचं माहीत नाही पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

स्टँडर्ड म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला कुर्डुवाडीवरून सगळ्यात लवकर कळतं. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती अडीच फुटी रुळांवर, आणि कुर्डुवाडीला येणारी मोठी लाइन ब्रॉडगेज. बार्शीची गाडी चांगली होती, तिनं या भागाचं खूप केलं, पण माल कुर्डुवाडीत उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा, माणसांनी गाडी बदलायची, कारण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाऊच शकत नाही. रूळ सारखे झाल्यावर थेट गाड्या आल्या. वेबचे रूळ सगळीकडं एकाच मापाचे आहेत म्हणून त्यावर कुणाचीही गाडी धावते.

आणि ते माप कुणी ठरवलं, तर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत होते, त्यांनी १९८९ ला कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं जाहीर केलं की वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांसाठी खुलं, पैसे नाहीत, परवानगी नाही. या एका निर्णयामुळं सोलापुरातला कुणीही पोरगा कुणाला न विचारता साइट काढू शकतो. पुढं १९९४ ला डब्ल्यूथ्रीसी संस्था निघाली, स्टँडर्ड तिथं ठरायला लागले, आणि २००४ च्या त्यांच्या पेटंट धोरणानं हे पक्कं केलं की त्यांचं स्टँडर्ड वापरायला कुणाला रॉयल्टी द्यावी लागू नये. त्याच वर्षी ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी व्हॉटडब्ल्यूजी नावाचा गट काढला, आजचं एचटीएमएल तेच सांभाळतात.

स्टँडर्ड नुसतं कागदावर लिहून होत नाही, ते वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे बनवून बघावं लागतं, तेव्हा कळतं की लिहिलेलं खरंच पुरेसं स्पष्ट आहे का. याचं फार चांगलं उदाहरण आहे वेब एसक्यूएल. ब्राउझरमध्ये डेटाबेस ठेवायची ती सोय होती, चालतही होती, पण ज्यांनी ज्यांनी बनवली त्या सगळ्यांनी आत एकच सॉफ्टवेअर वापरलं होतं, एसक्यूलाइट. डब्ल्यूथ्रीसीनं २०१० ला काम थांबवलं, कारण दुसरं स्वतंत्र रूप कुणाकडंच नव्हतं, म्हणजे स्टँडर्ड काय तर "एसक्यूलाइट जे करेल ते". उद्या सगळे ब्राउझर ब्लिंकवर गेले तर अख्ख्या वेबचं हेच होणार, स्टँडर्ड काय तर क्रोम जे करेल ते. चुकलं तरी तेच बरोबर.

उलट चांगलं उदाहरण सीएसएस ग्रिड. पानाची मांडणी करायची ही पद्धत आधी मायक्रोसॉफ्टनं सुचवली, वर्षानुवर्षं सगळ्यांनी मिळून चर्चा करून ती सुधारली, आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिघांनीही ती एकाच महिन्यात आणली. कामातल्या माणसाला विचारा त्या महिन्यात काय वाटलं होतं. एकदा लिहायचं आणि सगळीकडं चालायचं, यापेक्षा जास्त काय पाहिजे?

आता क्रोमबद्दल माझ्या मनात राग आहे असं समजू नका. २००८ च्या सप्टेंबरमध्ये तो आला तेव्हा प्रत्येक टॅब वेगळा, एक लटकला तर बाकी चालू, अपडेट आपोआप, वेग तर डोळ्यात भरण्यासारखा. आयईची मक्तेदारी मोडायला २००४ ला फायरफॉक्सनं सुरुवात केली आणि क्रोमनं काम पूर्ण केलं. क्रोमियमचा कोड सुद्धा खुला आहे. पण कोड खुला असणं आणि स्टँडर्ड खुलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोड तुम्ही बघू शकता, पण त्यात काय यायचं, काय काढायचं, हे मुख्यतः गूगल ठरवतं, आणि जगातला साधारण दोन तृतीयांश वापर क्रोमचा असताना ते जे ठरवतील ते बाकीच्यांना घ्यावं लागतं. एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, आणि क्रोममधून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन गेलं. सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी आणि सगळ्यात मोठा ब्राउझर एकाच मालकाचे असले की अशा निर्णयावर शंका येणारच. बाकीच्यांची अवस्था बघायची तर, मोबाइल साइटी बनवणाऱ्यांनी फक्त वेबकिटचाच उपसर्ग, म्हणजे नियमाआधी त्या इंजिनचं नाव, लावून सीएसएस लिहून ठेवलं, शेवटी २०१६ ला फायरफॉक्स ४९ मध्ये मोझिलाला तो दुसऱ्याच्या नावाचा उपसर्ग पाळावा लागला, नाहीतर साइटी मोडक्या दिसायच्या. काही साइटी तर ब्राउझरचं नुसतं नाव विचारून दार लावून घेतात. फायरफॉक्समध्ये नाव बदलून क्रोम सांगितलं की तीच साइट सगळी चालते! काय अडचण होती मग?

फायरफॉक्सचंही सगळं गोड नाही. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं, सर्चच्या करारातून, ही काळजीची गोष्ट आहे. पण आज गूगल आणि ॲपल सोडून चालतं इंजिन सांभाळणारे ते एकटे उरलेत. सर्वो नावाचं एक इंजिन आहे, लेडीबर्ड नावाचं नवं इंजिन पहिल्यापासून लिहायला घेतलंय, दोन्हींवर माझं लक्ष आहे, पण रोजच्या वापराला अजून वेळ आहे.

मग कुणी काय वापरावं? घरच्या कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर मी फायरफॉक्सच सांगतो. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकता येतं आणि घरातल्या मोठ्या माणसांसाठी मला ते फार मोलाचं वाटतं, कारण ती खोटी "डाउनलोड" बटणं आणि "तुमच्या फोनमध्ये व्हायरस" वाल्या जाहिराती दिसतच नाहीत. सगळा मेन्यू मराठीतही करता येतो. मॅकवाल्यांनी सफारी वापरली तरी उत्तम. ब्रेव्ह, विवाल्डी ही चांगली माणसं चांगलं काम करतात, प्रायव्हसीसाठी घ्या हवं तर, फक्त हे माहीत असू द्या की आत ब्लिंकच आहे. आणि एखादं बँकेचं काम अडलं तर दुसरा ब्राउझर ठेवलेला बरा, त्यात तत्त्वाचा प्रश्न करू नका, काम उरका आणि मग तक्रार करा.

साइट बनवणाऱ्या आमच्या लोकांना एकच सांगणं, दुसऱ्या इंजिनात उघडून बघायला पाच मिनिटं लागतात. २०१७ ला जिओफोन आला होता, गावोगावी लोकांच्या हातात गेला, त्यातली कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरून बनवलेली, आत गेको. शेतातला माणूस बाजारभाव बघायला ज्या फोनवरून येत होता तो फोन क्रोम नव्हता, आणि ज्यांनी फक्त क्रोममध्ये तपासलं त्यांची पानं त्याच्यासमोर मोडून पडत होती. त्या बिचाऱ्याला वाटत होतं आपला फोनच साधा.

फायरफॉक्सच्या मेन्यूत मोडकी साइट कळवायची सोय आहे, ती वापरा, पण त्यापेक्षा थेट साइटवाल्यांना लिहा. लोकांना काय लिहायचं सुचत नाही म्हणून मी गिऱ्हाइकांना एक मजकूर देऊन ठेवलाय, तुम्हीही उचला: "नमस्कार, तुमच्या साइटवर अमुक पानावर फायरफॉक्समधून फॉर्म भरताना सबमिटचं बटण दिसत नाही. फायरफॉक्सचं व्हर्जन अमुक, विंडोज ११. क्रोममध्ये तेच पान चालतं. स्क्रीनशॉट जोडलाय. कृपया दुरुस्त करावं, कारण ही सेवा सगळ्या ब्राउझरमध्ये चालली पाहिजे. कधीपर्यंत होईल ते कळवावं." व्हर्जन नंबर नक्की टाका, तो नसला की "आमच्याकडं तर चालतंय" असं उत्तर येतं. आणि आठ दिवसांत काही आलं नाही तर तोच मेल पुन्हा पाठवा.